बायरच्या कोड ऑफ कंडक्टवर सही करायच्या आधी: फौंड्रीवाल्यांसाठी पायरीपायरीनं

गेल्या दोन-तीन वर्षांत शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फौंड्रीवाल्यांचे फोन येतात आणि विषय एकच असतो, "जर्मनीच्या पार्टीनं वीस पानांचं काहीतरी पाठवलंय, मानवी हक्क, ड्यू डिलिजन्स वगैरे, सही करून परत पाठवायचंय, तुमच्याकडं फॉरमॅट आहे का?" (पार्टी म्हणजे माल घेणारा बायर, आणि ड्यू डिलिजन्स म्हणजे आपल्या कामामुळं कुणाला अपाय होतोय का ते शोधून सुधारणं.) फॉरमॅट आहे. पण तो पाठवला की पुढं काय होतं तेही आता मला पाठ झालंय. नेटवरच्या दुसऱ्या कुठल्यातरी पॉलिसीत तो मिसळतो, कंपनीचं नाव बदलतं, मालकांची सही होते, लॅमिनेशन होऊन गेटवर चढतो, नि सहा-आठ महिन्यांनी ऑडिटर येऊन फेटलिंगमधल्या (ओतलेलं कास्टिंग घासून साफ करतात तिथल्या) पोराला विचारतो हे काय लिहिलंय, तर पोरगा म्हणतो आग लागली तर काय करायचं ते. एका ठिकाणी तर तिसऱ्या परिच्छेदात आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहिलं होतं, आणि ती कंपनी टॉवेल बनवणारी होती.

सगळा घोळ क्रमात आहे. लोक सही आधी करतात आणि शॉप फ्लोअर नंतर बघतात. खाली दिलेल्या क्रमात सही आठव्या पायरीवर येते. ओईसीडी या बहुतेक श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या २०१८ च्या ड्यू डिलिजन्स गाइडमध्ये सहा पायऱ्या आहेत आणि त्यात पॉलिसी पहिली आहे, हे मला माहितीये. पण युएनच्या गायडिंग प्रिन्सिपल्समधलं १६ वं तत्त्व असंही म्हणतं की पॉलिसी जाणकारांना विचारून बनलेली पाहिजे, आणि फौंड्रीतला सगळ्यात मोठा जाणकार म्हणजे नाइट शिफ्टचा सुपरवायझर, त्याला न विचारता लिहिलेली पॉलिसी कपाटातच जाते.

हे ५० ते ३०० माणसांच्या फौंड्री किंवा मशीन शॉपला धरून लिहिलंय. इचलकरंजीचे लूमवाले, सोलापूरचे टॉवेलवाले यांनाही बरंचसं लागू पडेल, फक्त वाळूच्या जागी सूत धरा.

## तयारी: काय गोळा करायचं, कोणाला बसवायचं

वेळ आठ ते दहा आठवडे धरा. बायर म्हणेल १५ दिवसांत पाठवा, तर त्याला लगेच मेल करा की आम्ही आधी आमची तपासणी करतोय, अमुक तारखेला उत्तर देतो. हा मेल गेला की बहुतेक वेळा मुदत मिळते, गप्प बसलात तर रिमाइंडर येतात आणि मग घाईघाईत सही होते.

टीममध्ये एचआर, प्रॉडक्शनचा एक जण, अकाउंट्सचा एक जण आणि रात्रपाळी बघणारा सुपरवायझर. शिवाय एक बाहेरची व्यक्ती लागते, जिला हिंदी-भोजपुरी किंवा उडिया येतं, तुमच्याकडं माणसं जिकडची असतील तसं. मालकांचे दोन अर्धे दिवस आत्ताच डायरीत लिहून घ्या, एक चौथ्या पायरीला नि एक आठव्या.

कागद मागच्या १२ महिन्यांचे: हजेरी मस्टर, पगारपत्रक, पीएफ-ईएसआयसीची चलनं (प्रत्येक ठेकेदाराची वेगळी), ठेकेदारांशी झालेले करार, अपघात रजिस्टर, मेडिकल चेकअपचे रिपोर्ट, प्रदूषण मंडळाचा कन्सेंट. एवढं सगळे काढतात. त्याबरोबर कँटीनचं रजिस्टर, गेटचं रजिस्टर आणि फर्नेसचा हीट लॉगही (भट्टीत धातू कधी आणि किती वेळा वितळवला त्याची नोंद) काढा. हे तीन कशाला ते पाचव्या पायरीला कळेल.

थांबा: या टप्प्यावर कोणी "आयएसओ २६००० चं सर्टिफिकेट काढून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आयएसओ २६००० हे सामाजिक जबाबदारीवरचं फक्त मार्गदर्शन आहे, त्याचं सर्टिफिकेशन होतच नाही. ओईसीडीचं सर्टिफिकेट असा प्रकारही अस्तित्वात नाही. एसए ८००० या कामगारांबद्दलच्या मानकाचं सर्टिफिकेट खरंच मिळतं, स्मेटा हे ऑडिट आहे, तिथं सर्टिफिकेट नसतं, रिपोर्ट असतो.

## पायरी १: बायरचं पत्र नीट वाचा, हायलायटर घेऊन

पत्रात तीन नावं हमखास असतात. युएनची बिझनेस अँड ह्युमन राइट्सवरची गायडिंग प्रिन्सिपल्स, २०११ ची, एकूण ३१. ओईसीडीच्या मल्टिनॅशनल कंपन्यांसाठीच्या गाइडलाइन्स, २०२३ मध्ये सुधारलेल्या. आणि आयएलओची (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची) मूलभूत तत्त्वं, ज्यात संघटना नि सामूहिक वाटाघाटी, सक्तीची मजुरी, बालमजुरी, भेदभाव हे चार विषय होते आणि २०२२ मध्ये सुरक्षित, निरोगी कामाची जागा हा पाचवा आला. फौंड्रीला सगळ्यात जड जाणार तो हाच पाचवा.

इथं एक गैरसमज फार आहे. भारतानं आयएलओची ८७ आणि ९८ नंबरची कन्व्हेन्शन्स, म्हणजे संघटना आणि सामूहिक वाटाघाटींची, मान्य केलेली नाहीत, त्यामुळं "आपल्याला युनियनचा मुद्दा लागू नाही" असं लोक बिनधास्त उत्तर लिहून देतात. बायरला त्यानं फरक पडत नाही. त्याचा कोड म्हणतो की तुम्ही अडवायचं नाही, आणि संघटना करायचा हक्क आपल्या घटनेच्या कलम १९ मध्येही आहेच, तेव्हा हे उत्तर लिहून फक्त तुम्हीच संशयात येता.

देशातल्या लिस्टेड कंपन्यांना माल देत असाल तरी यातून सुटका नाही. जबाबदार व्यवसायावरच्या २०१९ च्या आपल्या राष्ट्रीय गाइडलाइन्समध्ये नऊ तत्त्वं आहेत नि सेबीच्या बीआरएसआर या जबाबदारीच्या रिपोर्टमुळं पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना त्यावर माहिती द्यावी लागते, म्हणून पुण्याच्या ओईएमकडूनही (गाड्या-मशीन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडूनही) तशीच प्रश्नावली येते. काम एकदाच करा, उत्तरं दोन्हीकडं चालतात.

आता हायलायटर. पत्रात "आम्ही हमी देतो की आमच्या संपूर्ण सप्लाय चेनमध्ये कोणतंही उल्लंघन नाही" अशा अर्थाचं वाक्य शोधा. बहुतेक वेळा असतंच. त्याखाली रेघ मारा आणि बाजूला लिहा: बदलून मागायचं. स्क्रॅप कुठल्या गल्लीतनं येतं ते तुम्हाला माहीत नाही, तर संपूर्ण चेनची हमी कशी देणार? याऐवजी "आम्ही ड्यू डिलिजन्स करू, सापडलं तर कळवू आणि सुधारू" असं वाक्य सुचवा. हे मागायला लाजू नका. जर्मनीचा सप्लाय चेन कायदा २०२३ पासून लागू आहे (२०२४ पासून हजार कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांनाही), आणि तो राबवणाऱ्या बाफा या तिथल्या सरकारी ऑफिसनंच सांगितलंय की कंपन्यांनी आपली जबाबदारी सरसकट सप्लायरवर ढकलून चालणार नाही. मेलमध्ये हा मुद्दा सभ्यपणे लिहिला की समोरचा पर्चेसवाला लीगलला विचारतो आणि आठवड्याभरात सुधारित ड्राफ्ट येतो, माझ्यासमोर तरी दोनदा आलाय.

## पायरी २: माणसं मोजा, सगळी

सोपं वाटतं पण इथंच पहिला धक्का बसतो. मालकांना विचारलं माणसं किती, तर म्हणतात १२०. मस्टरवर ६८. ठेकेदारांची यादी धरली तर १८५, आणि गेटवर सकाळी उभं राहून मोजलं तर आणखी दहा-बारा, ती कोणाचीच नसतात.

एक मोठा कागद घ्या. मध्ये तुमचा प्लांट, त्यात पॅटर्न, कोअर शॉप, मोल्डिंग, मेल्टिंग, फेटलिंग, मशिनिंग, डिस्पॅच. प्रत्येकापुढं माणसं किती, कोणाच्या पगारावर, कुठल्या राज्यातली, बायका किती, रात्रपाळी आहे का. बाहेरच्या गोलात जॉब वर्कवाले, वाळूवाला, स्क्रॅपवाला, ट्रान्सपोर्ट, सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, कँटीन. जिथं मजूर राहतात त्या खोल्याही याच नकाशात घ्या.

फेटलिंगचं जॉब वर्क बाहेर देत असाल तर त्या शेडमध्ये स्वतः जा. पत्र्याच्या शेडमध्ये ग्राइंडर चालू, धुळीत समोरचा दिसत नाही, तोंडाला गमछा, हेच तुमचं कास्टिंग आणि त्यावर तुमच्या बायरचा पार्ट नंबर.

चेक: नकाशातला आकडा आणि गेटवर मोजलेला आकडा जुळेपर्यंत पुढं जायचं नाही.

## पायरी ३: माणसांशी बोला (आणि एचआरला त्या वेळी केबिनमध्येच बसू द्या)

हीच पायरी लोक गाळतात किंवा कॉन्फरन्स रूममध्ये एसी लावून उरकतात. सुपरवायझर दाराशी उभा, समोर फॉर्म, "तुम्हाला काही त्रास आहे का?" "नाही सायेब." झालं, २० मुलाखती पूर्ण.

बोलणारी व्यक्ती बाहेरची पाहिजे आणि जागा प्लांटच्या बाहेरची, शिफ्ट सुटल्यावर चहाच्या गाड्यावर किंवा रविवारी त्यांच्या खोलीवर. बायकांशी बाईनंच बोलायचं. नावं लिहायची नाहीत, डिपार्टमेंट आणि ठेकेदार एवढंच पुरे. प्रत्येक ठेकेदाराची निदान पाच-सहा माणसं, त्यात नवीन आलेली दोन तरी.

"त्रास आहे का" हा प्रश्नच नको. ज्याचं उत्तर आकड्यात किंवा वस्तूत येतं असे प्रश्न विचारा:

१. गावाहून इथं यायला कुणाला पैसे दिले का, किती, ते फिटले का?
२. आधार कार्ड आत्ता कुठंय? एटीएम कार्ड कुठंय?
३. मागच्या महिन्यात खात्यात किती आले आणि हातात किती राहिले?
४. गेल्या चार रविवारांपैकी किती रविवार काम केलं?
५. घरी लग्न निघालं, दहा दिवस जायचंय, तर कोणाला विचारावं लागतं आणि तो काय म्हणतो?
६. मास्क शेवटचा कधी मिळाला? आत्ताचा दाखव.

दुसऱ्या प्रश्नाचं बघा. एका फौंड्रीत कोअर शॉपच्या नऊ पोरांना विचारलं, नवाच्या नवांनी सांगितलं की एटीएम कार्ड ठेकेदाराकडं "सांभाळायला" दिलंय. पगार बँकेत वेळेवर पडत होता, अकाउंट्सची एंट्री चोख होती, कागदावर एक चूक सापडली नसती. महिन्याच्या ८ तारखेला ठेकेदाराचा माणूस नऊ कार्डं घेऊन एटीएममध्ये जायचा नि खोलीभाडं, मेस, उचल कापून उरलेले पैसे वाटायचा. मालकांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी तोवर कधी विचारलंही नव्हतं.

आयएलओनं सक्तीच्या मजुरीची ११ लक्षणं दिलीत, त्यात ओळखपत्रं काढून घेणं, मजुरी अडवून ठेवणं, कर्जात बांधून ठेवणं, अती ओव्हरटाइम ही सगळी येतात. उचल हा शब्द आपल्याला इतका सवयीचा आहे, ऊसतोडीपासून लूमपर्यंत सगळीकडं, की त्यात गैर काही वाटतच नाही. उचल दिली म्हणून लगेच वेठबिगारी होत नाही, पण ती फिटेपर्यंत माणूस काम सोडू शकत नसेल तर बायरच्या भाषेत ते कर्जबांधणीचं लक्षण आहे, आणि आपल्याकडं १९७६ चा वेठबिगारीविरुद्धचा कायदा आहेच.

थांबा: काही गंभीर सापडलं तर त्याच संध्याकाळी ठेकेदाराला फोन करून झापू नका. दुसऱ्या दिवशी "कोण बोललं" याचा शोध सुरू होतो आणि दोन पोरं गावाला गेलेली असतात. आधी पाचव्या पायरीची तयारी, मग ठेकेदार.

## पायरी ४: यादीला क्रम लावा

आता तुमच्याकडं ३०-४० मुद्दे असतील. सवयीनं लोक सोपं ते आधी करतात: फायर एक्स्टिंग्विशरचे टॅग, पिवळे पट्टे, फर्स्ट एड बॉक्समधल्या एक्स्पायरी गेलेल्या गोळ्या. दिवसभर काम झाल्याचं समाधान मिळतं आणि एटीएम कार्डं तिथंच राहतात.

क्रम लावायचा निकष त्या माणसाला होणारा अपाय. किती मोठा, किती जणांना, आणि भरून येणारा आहे का. कंपनीचं नुकसान किती हे इथं धरायचंच नाही. भरून येणारा आहे का, हा तिसरा निकष फौंड्रीत फार कामाला येतो. वाळूच्या सिलिका धुळीनं होणारा सिलिकोसिस बरा होत नाही, वर्षानुवर्षांनी दिसतो, तोवर पोरगा तुमच्याकडं कामालाही नसतो, त्यामुळं अपघात रजिस्टरमध्ये तो कधीच येत नाही. म्हणून फेटलिंग, नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणं) आणि शॉट ब्लास्टची (छर्र्यांच्या माऱ्यानं साफ करण्याची) धूळ माझ्या यादीत नेहमी वरच्या तीनात असते. बोटाला लागलं की लगेच दिसतं, टाके पडतात, रजिस्टरमध्ये एंट्री होते.

दुसरं, प्रत्येक मुद्द्यापुढं लिहा की हे आपण केलं, आपण हातभार लावला, की दुसऱ्यानं केलं आणि आपल्या मालाशी जोडलंय. डिस्पॅचची तारीख तुम्ही शुक्रवारी सांगितली आणि जॉब वर्कवाल्यानं रविवारी माणसं जुंपली तर हातभार तुमचाच आहे. हे वाक्य मालकांसमोर वाचायला थोडं धैर्य लागतं, म्हणूनच त्यांचा पहिला अर्धा दिवस इथं ठेवलाय.

## पायरी ५: सहीआधी मिटवायच्या गोष्टी

सगळं मिटवायला वर्ष लागेल, तेवढं थांबायची गरज नाही. पण पाच गोष्टी चालू असताना सही केलीत तर ती सरळ खोटी सही आहे.

कागदपत्रं आणि कार्डं. आधार, एटीएम, पासबुक त्या-त्या माणसाच्या हातात, त्याच्या सहीनिशी, एका दिवसात, तुमचा माणूस समोर उभा असताना. खोलीभाडं-मेस कापायचं असेल तर कायद्यानं चालतं तेवढंच आणि पगारपत्रकावर दिसेल असं.

वय. संशय असेल तर शाळेचा दाखला बघा. कोणी लहान सापडलाच तर त्याला गेटबाहेर काढून मोकळं व्हायचं नाही, तो उद्या त्याहून वाईट शेडमध्ये जातो. काम थांबवा, घरच्यांशी बोला, शाळेचं बघा, घरातल्या मोठ्या माणसाला काम देता येतं का बघा, आणि लागेल तिथं प्रशासनाला कळवा.

ओव्हरटाइम. आता कँटीन, गेट आणि हीट लॉग काढा. एका युनिटमध्ये मस्टरवर सलग पाच रविवार सुट्टी होती, अगदी स्वच्छ, एकाच पेनानं भरलेली. कँटीनच्या वहीत त्यातल्या तिसऱ्या रविवारी दुपारी ४३ जेवणं, फर्नेसच्या लॉगमध्ये त्याच दिवशी सहा हीट. बायरचा ऑडिटर नेमकं हेच करतो, त्याला मस्टर फक्त ताडून बघायला लागतं. दोन मस्टर ठेवले असतील तर दुसरं जाळू नका आणि पहिलं "दुरुस्त" करू नका. खरे तास आणि दिलेले पैसे यातला फरक काढा, डबल रेटनं जेवढं राहिलंय ते देण्याचं वेळापत्रक करा आणि ते माणसांना सांगा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झाले तरी ओटीला दुप्पट हा नियम कायम आहे, उलट नेमणूकपत्र प्रत्येकाला देणं आता बंधनकारक आहे, तेही याच धडाक्यात उरकून घ्या. बहुतेक बायर आठवड्याला ओटी धरून ६० तास आणि सात दिवसांत एक सुट्टी एवढं मागतात. जमत नसेल तर लपवू नका, कधीपर्यंत जमेल ते लिहा.

जीवघेणं काही. उघडा पिट, विनागार्ड ग्राइंडर, ओल्या लॅडलमध्ये (वितळलेला धातू न्यायच्या भांड्यात) धातू ओतायची सवय, बंद पडलेलं डस्ट कलेक्टर. मास्क वाटणं हा डस्ट कलेक्टरला पर्याय नाही, हे मला दर वेळी भांडून सांगावं लागतं.

आणि चहापाणी. ओईसीडीच्या गाइडलाइन्समध्ये लाचलुचपतीवर वेगळा चॅप्टर आहे आणि आपले लोक मानवी हक्कांत एवढे अडकतात की हे विसरतात. "ऑफिस खर्च" या नावाखाली दर महिन्याला जी गोल रक्कम निघते ती अकाउंट्सवाल्यासोबत बसून बघा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करावी लागते, आणि कंपनीवरही केस होऊ शकते. "सगळेच देतात" हे उत्तर बायरच्या फॉर्ममध्ये बसत नाही.

वापरलेली वाळू रात्री कुठं टाकली जाते ते ट्रॅक्टरवाल्याला विचारा. कन्सेंटमध्ये काय लिहिलंय त्याच्याशी ताडा. एवढं पुरे, यावर वेगळा लेख होईल.

## पायरी ६: तक्रारीची वाट, जी खरंच चालते

सजेशन बॉक्स. सगळ्यांकडं असतो. एका ठिकाणी ऑडिटरसमोर उघडायची वेळ आली तेव्हा किल्ली सापडायलाच अर्धा तास गेला, शेवटी कुलूप तोडलं. आत चहाची कुपनं, गुटख्याच्या पुड्या आणि हिंदीत एक चिठ्ठी, १४ महिन्यांपूर्वीची तारीख टाकलेली: फेटलिंगच्या संडासाची कडी तुटलीये, बसवून द्या. ऑडिटर काही न बोलता उठला आणि फेटलिंगच्या संडासाकडं गेला. कडी अजून तुटलेलीच होती. त्या रिपोर्टमध्ये आमच्या एवढ्या कागदपत्रांबद्दल चार ओळी होत्या आणि त्या कडीबद्दल अर्धं पान. तेव्हा मी तिथं एचआरला होतो, किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये असायला हवी होती.

काय करायचं:

१. निदान दोन वाटा ठेवा, त्यातली एक सुपरवायझर आणि ठेकेदार या दोघांनाही टाळून जाणारी. एक मोबाइल नंबर, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज चालेल असा, हे बॉक्सपेक्षा दहापट चालतं कारण लिहावं लागत नाही.
२. नंबर संडासाच्या दाराच्या आतून लावा. गेटवर लावला तर तो उतरवून घेताना सगळे बघतात.
३. मुदत ठरवा: तीन दिवसांत "मिळालं", १५ दिवसांत "काय करतोय".
४. रजिस्टर ठेवा, नाव नसलं तरी तक्रार नोंदवा.
५. मिटलेल्या तक्रारी नाव न घेता महिन्यातून एकदा शिफ्टच्या सुरुवातीला वाचून दाखवा. यानंतरच खऱ्या तक्रारी यायला लागतात.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती कायद्यानं हवीच, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका, एक बाहेरची सदस्य. कोअर शॉपमध्ये ठेक्यावर चार बायका आहेत म्हणून "आमच्याकडं लेडीज नाहीत" असं लिहू नका. ही समिती आणि वरची तक्रारवाट वेगळ्या ठेवायच्या.

चेक: तुमचा बाहेरचा माणूस एक खोटी तक्रार त्या नंबरवर टाकेल. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर पायरी ७ ला जाऊ नका. आणि जर दोन महिन्यांत एकही तक्रार आली नाही तर खूश व्हायचं नाही, २०० माणसांच्या फौंड्रीत असं होतच नाही.

## पायरी ७: ठेकेदार आणि जॉब वर्कवाले

बायरनं तुमच्याशी जसं केलं तसंच तुम्ही यांच्याशी करता, वीस पानं पाठवता, सही घेता. ते नको. एका पानावर मराठीत किंवा हिंदीत सात-आठ मुद्दे लिहा: कार्डं ठेवायची नाहीत, आणण्याचे पैसे मजुराकडनं घ्यायचे नाहीत, पगार अमुक तारखेला पूर्ण खात्यात, पीएफ-ईएसआयसीचं चलन बिलासोबत, आमचा तक्रारनंबर माणसांना द्यायचा, आम्ही कधीही येऊन बघणार. ठेकेदारानं पगार बुडवला तर तो मूळ कंपनीला द्यावा लागतो, हे कायद्यानं आहेच, तेव्हा यात तुमचाही स्वार्थ आहे.

मग रेटचं बोला. ठेकेदाराला तुम्ही माणशी जो रेट देता त्यात किमान वेतन, पीएफ, ईएसआयसी, बोनस, सुट्ट्या आणि त्याचं कमिशन बसतं का, त्याच्यासमोर कॅल्क्युलेटरवर मांडा. बसत नसेल तर तो कुठून तरी कापणारच आणि कुठून ते तुम्ही तिसऱ्या पायरीला पाहिलंय. रेट वाढवायचा निर्णय इथं घ्यावा लागतो. नंतर तोच हिशोब घेऊन बायरकडं कास्टिंगच्या किलोमागं भाववाढ मागता येते, द्यायला ते बांधील नाहीत, पण असा हिशोब पाठवणारे सप्लायर कमी असतात म्हणून वाचला तरी जातो.

थांबा: काही सापडलं की जॉब वर्कवाल्याला लगेच तोडू नका. ओईसीडीच्या गाइडमध्येही संबंध तोडणं हा शेवटचा उपाय आहे. तीन महिने द्या, एक्झॉस्ट बसवायला अॅडव्हान्स द्या. ऐकतच नसेल तर मग काम काढा, त्याची माणसं कुठं जातील ते बघून.

## पायरी ८: आता लिहा, आणि सही करा

पॉलिसी एका पानाची. माझा आग्रह मराठीत आधी लिहायचा, मग हिंदी आणि शेवटी इंग्रजी. इंग्रजीतून मराठी केलं की "हितसंबंधीय" वगैरे शब्द घुसतात नि मोल्डरला काही कळत नाही.

पानावर काय हवं: कुठली आंतरराष्ट्रीय मानकं मानतो त्यांची नावं, आमच्याकडं सगळ्यात मोठे धोके कोणते (धूळ, ठेक्यावरचे मजूर, तास, असे स्पष्ट शब्द), आमच्या माणसांकडून, ठेकेदारांकडून, सप्लायरकडून काय अपेक्षा, तक्रार कुठं करायची आणि करणाऱ्याला त्रास होणार नाही, चूक आमची असेल तर भरपाई आम्ही करू, जबाबदार कोण, पदासकट. खाली मालकांची किंवा बोर्डाची सही आणि तारीख. एचआर मॅनेजरची सही चालत नाही, सगळ्यात वरच्या पातळीवरची मंजुरी लागते.

"झिरो टॉलरन्स", "शंभर टक्के", "जागतिक दर्जाचे" हे शब्द खोडा. जे अजून झालं नाही ते "मार्चपर्यंत करू" असं लिहा.

मालकांनी ते पान स्वतः शिफ्ट चेंजला उभं राहून वाचावं, दोन्ही शिफ्टना. एक मालक वाचत असताना "धूळ कमी करणार" या ओळीवर मागनं कोणीतरी "कवा?" म्हणून ओरडलं, ते जरा गडबडले पण तारीख सांगितली. ती तारीख आता पानावर छापलीये.

मग बायरला तीन गोष्टी एकत्र पाठवा: सही केलेला (आणि पहिल्या पायरीत बदलून घेतलेला) कोड, तुमची पॉलिसी, आणि सापडलेल्या गोष्टींचा सुधारणा आराखडा तारखांसह. आराखडा पाठवायला सगळे घाबरतात की ऑर्डर जाईल. माझा अनुभव उलटा आहे, कोरं पान पाठवणाऱ्याकडंच ऑडिट आधी येतं.

चेक: फेटलिंग, कोअर शॉप आणि सिक्युरिटीतल्या कुणाही तिघांना विचारा, पॉलिसीत काय आहे आणि तक्रार कुठं करायची. तिघांपैकी दोघांना सांगता आलं पाहिजे. वेबसाइट असेल तर तिथंही टाका.

## पायरी ९: सहीनंतरचं वर्ष

दर तीन महिन्यांनी एक तास, त्याच टीमनं. बघायचं एवढंच: आराखड्यातलं काय झालं, तक्रारी किती आल्या आणि किती दिवसांत मिटल्या, धुळीचं मोजमाप, ओटीचे तास, नवीन ठेकेदार कोण आला. नवीन ठेकेदार आला की दुसरी नि तिसरी पायरी त्याच्यापुरती परत. दिवाळीनंतर आणि होळीनंतर माणसं बदलतात, त्यामुळं मुलाखतींची एक फेरी या दोन्हीनंतर ठेवा.

मेडिकल चेकअपमध्ये फेटलिंगवाल्यांचा छातीचा एक्सरे आणि फुप्फुसाची टेस्ट असावी, आणि रिपोर्ट त्या माणसाच्या हातात जावा, फक्त एचआरच्या फाइलमध्ये नको. कुणाचा रिपोर्ट वाईट आला तर त्याला कामावरनं काढणं हा उपाय नव्हे, धूळ नसलेल्या कामावर घ्या, तोच पगार ठेवा.

भारत ओईसीडीच्या गाइडलाइन्समध्ये सामील देश नाही, म्हणून इथं त्यांचं तक्रार केंद्र नाही. पण तुमचा बायर जर्मनी, नेदरलँड्स किंवा नॉर्वेचा असेल तर तुमच्या प्लांटमधल्या गोष्टीवरून त्याच्याविरुद्ध तिथल्या केंद्रात तक्रार होऊ शकते आणि मग तो कागद मागतो, चोवीस तासांत. तेव्हा नकाशा, नाव नसलेल्या मुलाखतींच्या नोंदी, तक्रार रजिस्टर, फरकाचे पैसे दिल्याच्या पावत्या आणि तिमाही मीटिंगच्या नोंदी एकाच फाइलला ठेवा, आणि त्या फाइलची एक कॉपी मालकांच्या टेबलावर. कपाटाची किल्ली कोणाकडं आहे तेही फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.